नर्मदेवर थांबलेला राजा

कर्नाटकातल्या ऐहोळे गावाच्या टेकडीवर मेगुती नावाचं जैन मंदिर आहे. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीत एका दगडावर संस्कृतात १९ ओळी कोरलेल्या आहेत. आजचं मनन त्या भिंतीपाशी सुरू करू. तिथे कधी गेला नसाल तरी हरकत नाही. बसल्या जागी पाठ सैल सोडा, खांदे उतरू द्या, आणि मनात फक्त एक दगड आणा, उन्हात तापलेला, कडेपर्यंत अक्षरांनी भरलेला. वाचायची घाई नाही. मधेच वाचन थांबवून खिडकीबाहेर बघावंसं वाटलं तर खुशाल बघा.

ही प्रशस्ती रविकीर्ती नावाच्या जैन कवीने शक ५५६ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३४-३५ मध्ये रचली. ज्याची ती प्रशस्ती, तो बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी तेव्हा हयात होता आणि त्याला गादीवर येऊन पाव शतक होत आलं होतं. कवी स्वतःविषयीही गप्प बसलेला नाही. कालिदास आणि भारवी यांच्या तोडीची कीर्ती आपण मिळवली, असं तो शेवटी सांगून टाकतो. बढाई खरी की खोटी ते राहू द्या. तिच्यामुळे कालिदास ६३४ च्या आधीचा, एवढं तरी अभ्यासकांना पक्कं धरता आलं. कवीची आत्मस्तुती इतकी उपयोगी पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता एवढंच मनात धरा, की या भिंतीला पुढचं काही ठाऊक नाही. तिच्या हिशेबी राजा अजिंक्य आहे. आपल्याला ६४२ साल ठाऊक आहे, तिला नाही. राजांविषयी विचार करताना आपण नेहमी शेवटापासून मागे येतो आणि मग प्रत्येक पाऊल त्या शेवटाकडेच चाललेलं दिसतं. ती सवय थोडा वेळ बाजूला ठेवू. ६३४ मध्ये उभं राहून तिथून मागे जे दिसतं तेवढंच बघू.

मागे बघितलं की पहिल्यांदा दिसतं ते घरातलं भांडण. पुलकेशीचा बाप कीर्तिवर्मा गेला, तेव्हा गादी चुलता मंगलेश याच्याकडे आली. मंगलेश कर्तबगार होता, त्याने कलचुरींना हरवलं, कोकणातलं रेवतीद्वीप, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातलं रेडी, जिंकलं. पण पुढे राज्य पुतण्याला न देता आपल्या मुलाला द्यावं असं त्याच्या मनाने घेतलं. पुतण्या बाहेर पडला, बळ जमवलं, युद्ध झालं आणि त्यात चुलता मेला. हे ६०९-१० च्या सुमाराला. रविकीर्तीने ते लपवलेलं नाही. उलट त्या धामधुमीत सगळं जग शत्रूंच्या अंधाराने वेढलं गेलं होतं असं तो सांगतो. मांडलिक सुटले, ज्याला संधी दिसली तो उठला.

त्यातले दोघे भीमा नदीच्या उत्तरेकडच्या मुलखावर हत्ती घेऊन चालून आले. आप्पायिक आणि गोविंद. ते कोण, कुठले, हे शिलालेख सांगत नाही. पुढे काय झालं ते मात्र सांगतो. एकाला युद्धात भीती काय असते ते कळलं आणि तो पळाला. दुसऱ्याने उपकार केला आणि त्याचं फळ त्याला लगेच मिळालं.

इथे थांबा. बहुतेक पुस्तकं या ओळीवरून पुढे निघून जातात, कारण पुढे हर्ष आहे, नर्मदा आहे, मोठमोठी नावं आहेत. पण या राजाची मुत्सद्देगिरी पहिल्यांदा इथेच दिसते असं मला वाटतं. डोळ्यांसमोर आणा, चुलत्याच्या रक्ताने मिळालेली ताजी गादी, खजिन्याची शाश्वती नाही, आपल्यातलेच किती लोक आपले आहेत याचा अंदाज नाही, आणि समोर एकत्र आलेले दोन शत्रू. दोघांशी लढण्याचा मान मोठा. दोघांना फोडून एकाशी लढण्यात तेवढा मान नाही. कवीला हे कळत असणार, तरी त्याने ते नोंदवलं. गोविंदाला काय दिलं गेलं असेल? मुलूख, सोनं, दरबारात जागा, की नुसता शब्द? याचं उत्तर शोधू नका. आज हल्ला करणारा उद्या आपल्या बाजूला बसलेला असू शकतो, हे मनात येऊ द्यायला त्या राजाला किती जड गेलं असेल, एवढ्यावरच थोडा वेळ राहा. कालपर्यंत तो स्वतः चुलत्याशी लढत होता. रक्ताचा माणूस शत्रू होऊ शकतो हे त्याने पाहिलं होतं. शत्रू कामाचा होऊ शकतो हे त्यामागून आलं.

यानंतरच्या मोहिमा भराभर घडतात आणि आपणही त्यांच्यावरून भराभर जाऊ. कदंबांची वनवासी वेढून घेतली. गंग आणि आळुप वश झाले. कोकणातल्या मौर्यांचा बीमोड केला आणि त्यांच्या पुरीवर, जिला कवी पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणतो, हत्तींच्या कळपासारखी दिसणारी शेकडो जहाजं नेली. ती पुरी म्हणजे घारापुरी की जंजिऱ्याजवळची राजपुरी, यावर वाद आहे. तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली ९९ हजार गावं त्याच्या हाताखाली आली. हा आकडा गावं मोजून आलेला नसणार, तो थोरवीचा आकडा आहे. तरीही ‘महाराष्ट्र’ एका राजाच्या नावाशी इतक्या ठसठशीतपणे जोडलेला त्याआधी क्वचितच दिसतो.

मग लाट, मालव आणि गुर्जर येतात. त्यांना जिंकलं असं कवी म्हणत नाही. राजाच्या दबदब्याने ते आपणहून नमले, आणि मांडलिकांनी कसं वागावं याचे जणू गुरूच झाले, असं म्हणतो. गुजरात आणि माळवा या हर्षाच्या आणि पुलकेशीच्या साम्राज्यांमधल्या मोकळ्या जागा होत्या. भडोचचा गुर्जर राजा दुसरा दद्द याने हर्षाने हरवलेल्या वलभीच्या राजाला आसरा दिला, असं त्याच्या वंशजांचे ताम्रपट अभिमानाने सांगतात. एवढ्याशा राज्याने उत्तरेच्या सम्राटाच्या शत्रूला घरात घ्यायचं, तर त्याची पाठ कुणीतरी राखत असणार. पुढे हर्षाने त्याच वलभीच्या ध्रुवसेनाला आपली मुलगी दिली. तलवारीने जे सुटलं नाही ते सोयरिकीने बांधलं. दोन्हीकडची माणसं मधल्या छोट्यांना ओढत होती आणि छोटे आपापला भाव बघत होते.

आणि आता नर्मदा.

इथे श्वास जरा लांबवा. विंध्याच्या पायथ्याची रेवा, म्हणजे हीच नर्मदा, बघा, थंडीच्या दिवसांत पाणी उतरलेली. एका बाजूला कनौजचा हर्ष, ज्याच्यापुढे उत्तर हिंदुस्थान वाकला होता. दुसऱ्या बाजूला बदामीचा सत्याश्रय, म्हणजे पुलकेशी. रविकीर्ती युद्धात पडलेल्या हत्तींच्या राशींचं वर्णन करतो आणि हर्षाचा तोरा उतरल्याचं सांगतो. ही लढाई नेमकी कधी झाली यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी सन ६१९ चा एक ताम्रपट उजेडात आणला. त्यात हर्षावरच्या विजयाचा उल्लेख आहे. म्हणजे युद्ध त्याआधी थोड्याच काळात, बहुधा ६१८-१९ च्या हिवाळ्यात झालं असावं. चालुक्यांचे पुढचे लेख सांगतात, की सगळ्या उत्तरापथाच्या स्वामीला हरवून त्याने ‘परमेश्वर’ हे दुसरं नाव मिळवलं.

विजयाचा आनंद मनातल्या मनात घ्या, विशेषतः तुम्ही मराठी किंवा कानडी असाल तर. शाळेपासून तो आपल्याला आवडत आलेला आहे. घेऊन झाला की एक प्रश्न शेजारी ठेवा. जिंकल्यावर तो नदी ओलांडून पलीकडे का गेला नाही?

जाता आलं नसेल, हे सगळ्यात सरळ उत्तर. सैन्य थकलं असेल, मागे कोसल आणि कलिंग मोकळे असतील. ते खरंही असेल. पण जाता न येणारे पुष्कळ राजे तरीही गेले आणि बुडाले. दोघांनीही नदीचं ऐकलं असं म्हणायला मला आवडतं. पुढे या दोघांत पुन्हा युद्ध झाल्याची नोंद नाही. हर्षाने पूर्वेकडे तोंड वळवलं, कामरूपाच्या भास्करवर्म्याशी मैत्री राखली, ६४१ मध्ये चीनच्या तांग दरबाराकडे दूत पाठवला. पुलकेशीही पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे वळला. कोणताही तह कुठे कोरलेला नाही. तरी वीसेक वर्षं ती सीमा टिकली. दोन शहाण्या शत्रूंनी न बोलता पाळलेला तो करार असावा. आपल्याही आयुष्यात असे न बोललेले करार असतात. एखादा आठवून बघा, पण त्याच्यात फार रमू नका. आपल्याला अजून कांचीपर्यंत जायचं आहे.

त्याआधी एका पाहुण्याला भेटू. ६४१ च्या सुमाराला ह्युएन त्संग हा चिनी बौद्ध यात्रेकरू महाराष्ट्रात आला. इथली माणसं साधी, प्रामाणिक आणि मानी आहेत, उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याशी सूड घेणारी आहेत, सूड घ्यायच्या आधी शत्रूला इशारा देतात, असं त्याने लिहिलं. हे वर्णन आपल्या भाषणांत आणि लेखांत हटकून येतं. त्याच परिच्छेदातली एक गोष्ट मात्र आपण सोयीने गाळतो. इथले निवडक लढवय्ये युद्धाआधी दारू पितात, हत्तींनाही पाजतात आणि मग बेफाम होऊन तुटून पडतात, हेही त्यानेच लिहिलं आहे. हरलेल्या सेनापतीला बाईचा पोशाख देतात, म्हणजे तो लाजेने मरण पत्करतो, हेही. स्तुती घ्यायची तर सगळंच घ्यावं.

पण मननाला जे हवं आहे ते पुढच्या वाक्यात सापडतं. पूर्व आणि पश्चिम जिंकलेला शीलादित्य, म्हणजे हर्ष, पाच हिंदुस्थानांतून सैन्य गोळा करून स्वतः चालून गेला, तरी या राजाला नमवू शकला नाही, असं तो म्हणतो. आता बघा, हे लिहिणारा कोण? या प्रवासानंतर तो हर्षाचा मानाचा पाहुणा झाला. हर्षाने कनौजला त्याच्यासाठी परिषद भरवली, त्याच्यावर दानाचा वर्षाव केला. चीनला परत गेल्यावर, ६४६ मध्ये, त्याने आपल्या प्रवासाचं पुस्तक सिद्ध केलं. यजमानाचा पराभव वगळायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती. दरबारातल्या बाणभट्टाने लिहिलेल्या हर्षाच्या चरित्रात या लढाईचा पत्ता नाही. रविकीर्ती तर पडला पुलकेशीचा माणूस. हर्षाचं अन्न खाऊनही ज्याने ही गोष्ट लिहिली, त्याचा शब्द मला कवीच्या १९ ओळींपेक्षा जड वाटतो. तो एकदा मनात तोलून बघा.

आता थोडं लांब जाऊ, समुद्रापलीकडे. दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्ये तबरी नावाच्या इतिहासकाराने इराणच्या ससानी राजांची हकीकत लिहिली. त्यात दुसऱ्या खुश्रूच्या कारकिर्दीच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ६२५-२६ च्या सुमाराला, हिंदुस्थानच्या एका राजाकडून दूत आल्याची गोष्ट आहे. नजराणे खुश्रूला आणि त्याच्या मुलांनाही होते. शिरूया या मुलासाठी हत्ती, तलवार, पांढरा ससाणा. आणि त्याच्या नावे एक वेगळं, गुप्त पत्र. खुश्रूने ते फोडून वाचवून घेतलं. लवकरच तू बापाच्या जागी राजा होशील, असं त्यात होतं. ६२८ मध्ये शिरूयाने बापाला पदच्युत केलं आणि खुश्रू मारला गेला.

तबरीच्या अरबीत त्या हिंदी राजाचं नाव वेडंवाकडं झालेलं आहे. नोल्डेके या जर्मन विद्वानाला त्यात ‘परमेश्वर’ दिसला, म्हणजे आपला पुलकेशी. पुष्कळांनी ते मानलं, सगळ्यांना ते पटलेलं नाही. मीही ते अर्ध्यावरच ठेवतो. पश्चिम किनारा हातात असलेल्या राजाला इराणच्या आखाताशी घोड्यांचा आणि मालाचा संबंध ठेवावाच लागणार, तेव्हा गोष्ट अशक्य नाही. पत्राची युक्ती मात्र कुणाचीही असो, लक्षात ठेवण्यासारखी आहे. बापाला नजराणा, मुलाला भविष्य. आप्पायिक आणि गोविंदाची आठवण झाली तर आश्चर्य नाही.

इराणशी नातं जोडण्याच्या याच ओढीने एक मोठी चूक झाली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या एका भित्तिचित्रात परदेशी वाटणारी, टोप्या घातलेली माणसं राजासमोर दिसतात. ‘पुलकेशीच्या दरबारात इराणी वकील’ अशी त्याची ओळख गेल्या शतकभर पुस्तकांतून छापली गेली. पण ते लेणं वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानलं जातं. पुलकेशीचा आजाही तेव्हा गादीवर नव्हता. चित्र सुंदर आहे, ते दुसऱ्याचं आहे. मनातल्या भिंतीवरून ते हळूच उतरवून ठेवा. रिकाम्या जागेची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

घरचं राजकारण परदेशच्या वकिलातीइतकंच नाजूक असतं. पुलकेशीचा धाकटा भाऊ कुब्ज विष्णुवर्धन साताऱ्याला सापडलेल्या ताम्रपटात युवराज म्हणून दिसतो. चुलत्या-पुतण्याच्या युद्धातून आलेल्या घरात असा कर्तबगार भाऊ जवळ ठेवायचा म्हणजे जीव टांगणीला. पूर्व किनाऱ्यावरचं पिष्टपूर आणि कोल्लेरू सरोवराकाठचा मुलूख जिंकल्यावर पुलकेशीने त्याला तिकडे वेंगीत बसवलं आणि पुढे त्याचं राज्य वेगळं होऊ दिलं. दिलं की द्यावं लागलं, हे सांगता येत नाही. मंगलेशाची गोष्ट त्या घरात दुसऱ्यांदा घडली नाही, एवढं दिसतं.

आता कांची. बसण्याची ढब बदलली असेल तर पुन्हा सावरून बसा.

रविकीर्ती म्हणतो, पुलकेशीच्या सैन्याची धूळ उडाली आणि पल्लव राजा कांचीपुराच्या तटाआड लपला. मग कावेरी ओलांडून पुलकेशीने चोळ, केरळ आणि पांड्य यांची भरभराट केली. दुसरं वाक्य नीट बघा. पल्लवांच्या पाठीमागच्या राजांना त्याने जिंकलं नाही, आपलंसं केलं. शत्रूचा पलीकडचा शेजारी तो आपला मित्र, हा ‘अर्थशास्त्र’ या राजनीतीच्या ग्रंथातल्या मंडलाचा जुना नियम. इथपर्यंतचा पुलकेशी नर्मदेवरचाच आहे. पण पल्लवांचा एक ताम्रपट उलट सांगतो, की महेंद्रवर्म्याने पुल्ललूरला मुख्य शत्रूंचा नाश केला. पुल्ललूर कांचीच्या जवळच आहे. म्हणजे राजधानी पडली नाही. पल्लव अपमानित झाले, संपले नाहीत.

पुढे पुलकेशी पुन्हा दक्षिणेत गेला. महेंद्राचा मुलगा नरसिंहवर्मा याने परियळ, मणिमंगल आणि शूरमार इथे त्याला हरवल्याचं पल्लवांचे लेख सांगतात. मणिमंगल आजच्या चेन्नईजवळ. नकाशा मनात पसरा. बदामी कुठे, मणिमंगल कुठे. घरापासून इतक्या दूर, शत्रूच्या राजधानीच्या दारात, हा तोच राजा आहे का?

इथे निकाल देऊ नका. शक्यता एकेक करून पुढे येऊ द्या. हर्ष नदीपलीकडे होता, पल्लव वेंगीच्या आणि बदामीच्या दोन्ही दारांशी होते. मध्ये नर्मदेसारखं काहीच नव्हतं. हर्षाला हरवण्याने मान पुरा झाला होता, तटाआड लपलेल्याने तो अपुराच ठेवला. किंवा तीसेक वर्षांत माणूसच बदलला असेल. वय, नाव, ‘परमेश्वर’ म्हणणारे भोवतालचे लोक. मला तिसरी शक्यता अधिक खरी वाटते, पण ती सिद्ध करणारा एकही दगड नाही.

तिकडे नरसिंहवर्माही शिकत होता. लंकेतून परागंदा झालेला राजपुत्र मानवर्मा त्याच्या पदरी होता आणि त्याच्या बाजूने लढला. बदल्यात पुढे पल्लव आरमार लंकेला गेलं. शत्रूच्या मित्राला फोडण्याची, परक्याला आपला करण्याची विद्या आता त्या बाजूलाही होती. ६४२ मध्ये पल्लव सैन्य बदामीत शिरलं. नरसिंहवर्म्याच्या १३ व्या राज्यवर्षाचा लेख बदामीच्या खडकावर आजही आहे, आणि ‘वातापिकोंड’ हे बिरूद त्याने लावून घेतलं. यानंतर पुलकेशीचं नाव येत नाही.

आता, मघाशी बाजूला ठेवलेलं ज्ञान परत जवळ घ्या. दुःख वाटलं तर वाटू द्या, पण त्यावरच थांबू नका, कारण वंश थांबला नाही. मधल्या विस्कटलेल्या वर्षांनंतर, ६५५ च्या सुमाराला, पुलकेशीचा मुलगा विक्रमादित्य याने बदामी परत उभी केली. दुसरा मुलगा चंद्रादित्य याची राणी विजयभट्टारिका आपल्या कुडाळजवळच्या नेरूरच्या ताम्रपटात जमीन दान देताना दिसते. भावाला दिलेली वेंगी सगळ्यांत जास्त टिकली. तिच्या वंशातला राजेंद्र १०७० मध्ये पहिला कुलोत्तुंग म्हणून चोळांच्या सिंहासनावर बसला.

आणि कांची? आठव्या शतकात पुलकेशीचा खापरपणतू दुसरा विक्रमादित्य पल्लवांना हरवून त्या शहरात शिरला. बदामीचा सूड घ्यायला त्याला शंभर वर्षांनी मोकळं रान मिळालं होतं. त्याने शहर लुटलं नाही. ब्राह्मणांना आणि दुबळ्यांना दान दिलं. कैलासनाथ मंदिराचं सोनं बघितलं आणि ते देवाचं देवाला परत केलं. तसं कन्नडमध्ये त्याच मंदिराच्या एका खांबावर कोरून ठेवलं, आणि सैन्य घेऊन तो परत निघाला.